चौदाव्या मिनिटातला आवाज

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

बेलापूर गाव (टॉवर झाला तरी गावच)
गुरुवार, रात्र

करंजा मुक्कामी आमच्या थोरल्या मेव्हणी रंगूबाय यांना बेलापूरच्या हिरामणचा वाकून नमस्कार पोचावा. वाकताना कंबर वाजते, तेवढा आवाजही नमस्कारात धरावा.

इकडे मी बरा आहे. साखर आहे, पण ती आता घरच्या माणसासारखी झाली आहे, कुरकुरते आणि राहते. तुमचे गुडघे कसे आहेत? बंदराच्या पायऱ्या अजून तशाच शेवाळलेल्या आहेत, की कुणा पुढाऱ्यानं एकदाचं घसरून दुरुस्त करून घेतल्या? सूनबाईंना आशीर्वाद. पत्र बहुधा त्याच वाचून दाखवतील, तर त्यांना विनंती की मधली पानं गाळू नयेत. (आणि रंगूबाय, चष्मा सापडत नाही म्हणून पत्र फळीवर ठेवायचं नाही. चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, हे मला इथं बसून दिसतं.) पत्रात 'तुम्ही' लिहायचं असतं म्हणून लिहितो आहे. तोंडानं मी तसं कधी म्हटलेलं नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचारणार नाही, कारण तीन वर्षं तुम्हीच तो उचललेला नाही. तुमच्या मोबाइलात माझा नंबर 'मांडववाला उचलू नको' या नावानं आहे, ही बातमी मला एका बर्फवाल्याकडून लागली. मी रागावलो नाही. धंद्यात माणसांनी मला याहून वाईट नावानं ठेवलंय आणि लग्नसराईत त्यांनीच पहाटे पाचला फोन केलेत.

तर मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मी लांबण लावतो अशी माझी ख्याती आहे. मी गोजराचा आवाज ऐकला, तुमच्या बहिणीला जाऊन तीन वर्षं झाली तरी. भूतबीत नाही. दिवसाढवळ्या, एसी चालू असताना, वाशीच्या एका हॉलमध्ये, चित्रांच्या प्रदर्शनात जो सिनेमा दाखवतात त्यात. सगळे मिळून सतरा सेकंद आहेत, चौदाव्या मिनिटाला. रविवारी संध्याकाळी ते प्रदर्शन उठणार आणि तो सिनेमा पेटीत बंद होऊन दिल्लीला जाणार. त्याच्या आत तुम्ही यावं आणि ऐकून सांगावं, की हिरामण, तुझे कान ठीक आहेत. बाकीचं पत्र हे कसं घडलं त्याचं आहे. घाई असेल तर इथंच थांबून चपला घातल्या तरी चालेल.

झालं असं, की गेल्या महिन्यात त्या हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. प्रदर्शन आहे, एक खोली काळ्या पडद्यांनी अंधारी करून द्या, आणि थोड्या खुर्च्या. आता आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे काय? पैठण्या, उपवासाचे पापड, आणि कोपऱ्यात तळपाय दाबणारं मशीन. अंधारी खोली मी त्या मशीनसाठीच धरली. मी आणि आमचे हौसेराव (तीस वर्षं माझ्याकडे मुकादम आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, मांडवाला एक खिळा कमी पडला तर त्यांना जेवण जात नाही) टेम्पो भरून गेलो. काळे पडदे तर नेलेच, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, नुसतं मागितलं तेवढं देऊन मी आजवर कधी परत आलो नाही. सायकलवर बांबू वाहत होतो तेव्हाही एक जास्तीचा न्यायचो. म्हणून गुलाबी सॅटिनच्या झालरी नेल्या, लाल गालिचा नेला, प्लॅस्टिकच्या झेंडूची कमान नेली, आणि नवरानवरीच्या त्या दोन महाराजा खुर्च्या, सिंहाच्या मुंडक्यांच्या, त्याही नेल्या.

हॉलमध्ये पोचलो तर चित्रवाल्या बाईंचा पत्ता नाही, त्या जेवायला गेलेल्या. समोरची भिंत सगळी काळवंडलेली, कोळशानं माखलेली, त्यावर हातांचे पंजे. हौसेराव म्हणाले, "मालक, इथं आग लागली होती वाटतं. लोकांना काय हे दाखवायचं?" आणि आम्ही त्या अख्ख्या भिंतीवर गुलाबी झालर मारली. चुण्या अशा सुरेख पडल्या होत्या की मी स्वतः फोटो काढला. मध्ये एका काठीवर मासे धरायचा जाळीचा जुना बोकशा टांगलेला होता, तो ओकाबोका दिसत होता म्हणून त्यात झेंडू भरले. कमान लावली. गालिचा टाकला. आणि बाई जेवून आल्या.

बाई म्हणजे मनस्वी हिलम. वय तिशीच्या आतलं. चिरनेरच्या बाजूच्या डोंगरातल्या कातकरी वाडीतली पोरगी. तिचे आजे-पणजे जंगलात कोळसा पाडायचे, हीसुद्धा स्वतः भट्टी लावून कोळसा पाडते आणि त्यानं चित्रं काढते, कागदावर, गोणपाटावर, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर. वीटभट्टीवरच्या बायका, अर्धा कापलेला डोंगर, आणि खाडीत चिंबोऱ्या धरताना कोपरापर्यंत बिळात गेलेले हात. ती दारात उभी राहिली आणि बराच वेळ झालरीकडं बघत राहिली. मला वाटलं, आवडली. मग शांतपणे म्हणाली, "काका, कुणाचं लग्न?"

मी म्हटलं, तुमचंच समजा. (हे वाक्य मी धंद्यात रोज बोलतो. त्या दिवशी बोलायला नको होतं.) तेव्हा तिनं सांगितलं, की झालरीखाली गाडलेली भिंत हेच मुख्य चित्र आहे, त्यातले पंजे तिच्या वाडीतल्या एकेका बाईचे आहेत, आणि दीड महिना लागलाय. हौसेरावांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. झालर उतरवताना तो माणूस एकेक टाचणी अशी काढत होता, जशी काय लहान लेकराच्या पायातला काटा. देवाच्या दयेनं पंजे तसेच राहिले. एका पंज्याला थोडी गुलाबी झाक आली, तर मनस्वी म्हणाली राहू दे, ती आत्या तशीच आहे.

झेंडू गेले, कमान गेली. पण महाराजा खुर्च्यांपाशी ती थांबली. हात फिरवला. म्हणाली, या ठेवा, सिनेमाच्या खोलीत, पहिल्या रांगेत. मी म्हटलं, चेष्टा करू नका, चूक झाली. ती म्हणाली, चेष्टा नाही, आमच्या बायका येणार आहेत उद्या, त्या बसतील.

आणि बसल्या. उद्घाटनाला वाडीवरनं टेम्पोनं वीस-बावीस जणी आल्या आणि तिची आत्या, वेणूबाई, सत्तरीच्या पुढची, तिला मनस्वीनं त्या खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला पोचेनात. पाहुण्यांनी कलेवर पाऊण तास भाषण केलं, त्यातली चाळीस मिनिटं वेणूबाई सिंहाच्या मुंडक्यावर हात ठेवून झोपल्या होत्या, आणि खरं सांगतो, तिथं त्यांच्यापेक्षा राजेशाही कुणीच दिसत नव्हतं. जाग आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. नीट बघितलं. म्हणाल्या, "तू भिकाचा हिरामन ना? तुझ्या लग्नात आमी जेवलो व्हतो." मी खूश. म्हटलं, अगो, मग सांगायचं ना, कुठल्या पंगतीला होतात? त्या म्हणाल्या, "पंगतीला नाय. मांडवाच्या मागं."

रागानं म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं सुचतात. त्यांनी ते, मुंबईला पाऊस झाला, अशा सुरात सांगितलं. रंगूबाय, मी चाळीस वर्षं मांडव घालतो आहे. पुढचा दरवाजा कुठं, स्टेज कुठं, आहेर कुठं मांडायचा, सगळं डोळे मिटून सांगतो. मांडवाला मागची बाजू असते आणि तिथं कुणीतरी बसलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. तिथं मी कधी खुर्ची टाकली नाही, एवढंच.

असो. पाहुणे चहाला गेले तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत शिरलो. सिनेमासाठी नाही, पडद्याच्या फटीतून उजेड येतो की काय ते बघायला. बावीस मिनिटांचा सिनेमा आहे, मनस्वीनंच काढलेला. त्यात कुणी गात नाही, कुणी मरत नाही. पाणी आहे, चिखल आहे, मागं दूरवर कंटेनरचे डोंगर आहेत, आणि बायका वाकून चिंबोऱ्या धरतात. मी निघणार, एवढ्यात चौदावं मिनिट आलं. चित्रात नुसतं ओहोटीचं पाणी, माणूस एक नाही, आणि वरून बंदरावरचा गलका. त्या गलक्यातून एक बाई बोलली, चिंबोऱ्या विकायला आलेल्या कुणाला तरी: "बस गो हितं. चाय पी पयली. भाव काय पलून नाय जात."

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. बांबूवर टिचकी मारून मी आतली कीड सांगतो. जनरेटर दोन गल्ल्या पलीकडं खोकला तर डिझेल किती उरलंय ते मला कळतं. मी आवाजाच्या दिशेनं पुढं गेलो, आणि पडद्याचा खांब माझ्याच अंगावर घेऊन खाली पडलो. खोलीत उजेड झाला, पडदा विझला, मी सॅटिनमध्ये नाही पण काळ्या कापडात गुंडाळलेला जमिनीवर, आणि मागच्या रांगेतल्या पाच कलाप्रेमी माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे त्यातच आहे.

तेव्हापासून मी रोज जातो. आज नववा दिवस. अकराला हॉल उघडतो, मी पावणेअकराला शटरसमोर. मॅनेजरला सांगितलंय, पडद्यांची देखभाल आमच्या कराराचा भाग आहे. महाराजा खुर्चीत बसतो, चौदावं मिनिट ऐकतो, सिनेमा संपतो, परत सुरू होतो. दिवसाला पंधरा-सोळा वेळा होतं. चौथ्या दिवसापासून लोक मला तिथलं काहीतरी समजायला लागले. कॉलेजच्या मुली येतात, माझा फोटो काढतात, भिंतीवर माझ्या नावाची चिठ्ठी शोधतात. एका दाढीवाल्या प्राध्यापकांनी विचारलं, या खुर्चीचा अर्थ काय? मी म्हटलं, साहेब, ही खुर्ची ज्याला बसायला मिळत नाही त्याच्यासाठी असते आणि ज्याला मिळते त्याला ती टोचते. (सिंहाचं एक मुंडकं सैल झालं होतं, त्याचा खिळा वर आला होता.) त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पेपरात आलं तर कात्रण पाठवतो.

तुम्ही म्हणाल, घरी काम नाही का? काम हौसेराव बघतात. आणि घर म्हणाल तर तेराव्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, खाडी दिसते, वारा येतो, आणि दिवसभरात माझ्याशी फक्त लिफ्ट बोलते. ती बाई मला आमचा मजला सांगते, मी 'बरं' म्हणतो. प्रीतम मस्कतहून शुक्रवारी फोन करतो, गुणी मुलगा आहे, पण त्याचं 'पप्पा, औषध घेतलं?' आणि माझं 'घेतलं' झालं की तो 'ठेवतो' म्हणतो, मी 'ठेव' म्हणतो.

आता एक गोष्ट सांगतो ती हसून ऐका, मी तरी हसूनच सांगतो. पनवेलपासून उरणपर्यंत सगळ्यात मोठी साउंड सिस्टिम माझी. अर्ध्या तालुक्याच्या हळदी माझ्या माइकवर झाल्या, कुणाची आत्या काय म्हणाली ते मी टेप करून ठेवलंय. आणि माझ्या बायकोचा आवाज माझ्याकडं एक शब्द नाही. प्रीतमच्या लग्नाची शूटिंग आहे, सव्वातीन तासांची. तीत गोजरा सगळीकडं आहे, वऱ्हाडाला बसवतेय, आचाऱ्याला झापतेय, मला हातवारे करून काहीतरी सांगतेय, चांगलं अर्धं मिनिट सांगतेय. पण शूटिंगवाल्यानं, त्यांची रीतच असते तशी, सगळ्यावर गाणी चढवली. तिचे ओठ हलतात आणि बासरी वाजते. ती मला त्या दिवशी काय सांगत होती, हे मी तीन वर्षं बघून ओळखायचा प्रयत्न करतोय. बहुतेक वरण संपलंय, असं असावं.

म्हणून ते सतरा सेकंद. आणि म्हणून तुम्ही, कारण तो आवाज माझ्याइतका ओळखणारं आता जगात एकच माणूस उरलंय आणि ते मला उचलू नको म्हणतं.

तेव्हा ते तेराव्याच्या दिवसाचंही बोलून टाकतो. मांडव माझा होता, घातला आमच्याच माणसांनी, आणि सवयीनं हात चालतात. पांढऱ्या कापडावर, गोजराच्या फोटोच्या बरोब्बर वर, लाइटच्या माळेचा आमचा बोर्ड लागला आणि पेटला: 'हिरामण डेकोरेटर्स, आनंदाच्या प्रसंगी एकदा संधी द्या'. लाल, हिरवा, लाल, हिरवा. तो मला दिसला नाही, मी पाहुण्यांकडं तोंड करून बसलो होतो. तुम्हाला दिसला. तुम्ही ताटावरून उठलात आणि विचारलंत, "माझ्या बहिनीवर जाहिरात करतोस?" त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, बोर्ड नसला तर मांडव कुणाचा ते कळणार कसं. का म्हणालो, ते मला आजही माहीत नाही. तेरा दिवस कुणी मला काही विचारलं नव्हतं, मांडवाबद्दल सोडून. तोंडात तेवढंच तयार होतं. चुकलो, रंगूबाय. हे मी लिहून देतो आहे, खाली सही आहे, कुणालाही दाखवा.

पत्र त्याच बर्फवाल्याच्या हाती देतोय, तर रविवारच्या आत यावं. उरणहून आता ट्रेन आहे, पण तुम्ही म्हणाल तर गाडी दारात पाठवतो, गाडीवर बोर्ड नाही. सिनेमा बावीसच मिनिटांचा आहे. खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतो, खिळा ठोकून घेतलाय.

घरातल्या लहानथोरांना ज्याचं त्याला पोचवावं. तुमचा राग आहे तसाच घेऊन आलात तरी इथं ठेवायला जागा आहे,

तुमचा
हिरामण

ता. क. – येताना सुकट, बोंबील काही आणू नये. गेल्या वेळी आणलेले बोंबील लिफ्टमधून वर गेले आणि सोसायटीनं दोन दिवस ग्रुपवर गॅस लीक शोधला. (थोडे आणले तर मात्र घट्ट बांधून आणावेत.)

ता. क. दुसरा – वर मी एक खोटं लिहिलंय. पाकीट चिकटवायच्या आधी सांगतो, कारण तुम्ही ते तिथं येऊन ओळखणारच. खांब अंगावर पडेपर्यंत तो आवाज गोजराचा होता. त्याच दिवशी दुसऱ्यांदा ऐकला तेव्हाच माझ्या कानांनी मला सांगितलं. गोजरा 'बस गो' म्हणताना सूर खाली सोडून द्यायची, सिनेमातला वर जातो. तरी दोन दिवस मी कानांचं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी वेणूबाई परत आल्या होत्या, खुर्चीत बसायला, त्यांना विचारलं, आत्या, ही बोलते ती कोण? त्या म्हणाल्या, "ती व्हय? ती करंज्याची रंगूबाय. मी चिंबोऱ्या नेते ना तिच्याकडं. पयली बसवते, मंग भाव करते." मनस्वीनं तारीखही दाखवली. गेल्या वर्षीची. गोजरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

म्हणजे रंगूबाय, नऊ दिवस मी तुझं ऐकतोय. मी लग्नाआधी करंज्याच्या किराणा दुकानात फोन करून गोजराला बोलवायचो, तेव्हा एकदा तिच्याऐवजी तू आलीस आणि मी पाच मिनिटं काय काय बोललो, तू नुसतं 'हं, हं' करत राहिलीस, आणि शेवटी म्हणालीस, "सांगते तिला." तेव्हा फसलो ते मी आयुष्यभर लाजलो. या वेळी फसलो नाही. माहीत असून रोज गेलो.

ता. क. तिसरा – रविवारी नाही जमलं तरी चालेल. गुडघे दुखत असतील. पत्राचं उत्तरही लिहू नकोस, तुझं अक्षर मला लागत नाही. फोन कर. कधीही कर, मी घरीच असतो. माझं काही विचारायला हवं असं नाही. बंदरावर काय आलं, सून काय म्हणाली, काय तुला वाटेल ते. आणि मी उचलून काहीच बोललो नाही, तर लाइन कटली असं समजू नकोस. ठेवू नकोस. तू बोलत राहा.